पार्वताबाईंचा नेम आणि हैदराबादचं मटन

आमच्या सासूबाईंनी पस्तीस वर्षांपूर्वी मटन सोडलं आणि तेव्हापासून घरातलं सगळं मटन त्याच रांधतात. यात घरात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटलं, पण मी पडले अकोल्याची. लग्न करून अमरावतीत आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, तरी मी तोंड उघडलं की अजून म्हणतात, "जाऊ द्या बापा, अकोल्याची हाय ते."

सासूबाईंचं नाव पार्वताबाई. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट, आणि चाल अशी की बाजारात मीच मागे राहते. त्यांनी मटन सोडलं ते मुलासाठी. मुलगा म्हणजे बंडू, माझा नवरा. सतरा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली आणि ती अंगात इतकी भिनली की मोर्शीहून अमरावतीच्या दवाखान्यात आणावं लागलं. तिथे डॉक्टरांनीही हात टेकले. बाई दवाखान्यातून निघाल्या, पायी पायी अंबादेवीला गेल्या आणि डोकं टेकून म्हणाल्या, "आई, माह्या पोराले उठव. आजपासून कापलेल्या जनावराचं मी तोंडात घेनार नाई." पोरगा उठला. दोन महिन्यांनी अंगात ताकद आली तशी त्यानं पहिली फर्माईश केली ती मटनाची. आईनं परसात वेगळी चूल मांडली आणि रांधून वाढलं.

ती चूल अजून आहे. मोर्शीचं गाव सोडून कठोरा नाक्याकडे घर बांधलं, ओट्यावर गॅस आला, तरी दर रविवारी मागच्या अंगणात चूल पेटते. मटनाचा गंज वेगळा. गंज म्हणजे पुण्याचे लोक ज्याला पातेलं म्हणतात तो. बाईंची रांधायची तऱ्हाही वेगळी, कारण चाखायचं नाही. त्या वासावर जातात. खोबरं किती भाजलं ते वासावर, मसाला कधी शिजला ते वासावर, आणि तर्री गंजाच्या काठाला सरकली की म्हणतात मीठ बरोबर आहे. तरी शेवटच्या खात्रीला चाखणारं एक माणूस लागतं. ते सत्तावीस वर्षं मी आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या तळहातावर रस्सा घातला आणि विचारलं, "कसं झालं वं?"

"चांगलं झालं."

"चांगलं म्हंजे कसं?"

मी म्हटलं, तिखट बरोबर आहे, मीठ बरोबर आहे. त्यांचं समाधान होईना. "आंधी काय लागते जिभेले? खोबरं लागते का खसखस? घशाशी गेल्यावर मिऱ्याचा ठसका येते का?" विचारत होत्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. मला वाटलं, सासू नव्या सुनेची परीक्षा घेते आहे. खरं काय ते कळायला दोन वर्षं लागली. परीक्षा कसली, ती बाई माझ्या तोंडानं जेवत होती. कळलं त्या दिवशी मी हात धुवायच्या निमित्तानं नळावर गेले आणि रडून घेतलं. तेव्हापासून मी रस्सा चाखून पाच मिनिटं सावकाश सांगते. आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते मी शाळेत, पण इतकं मन लावून मी त्यांना कधी काही सांगितलं नाही.

आता कुणीही म्हणेल, पोरगा बावन्न वर्षांचा झाला, पोट सुटलं, आता कशाला नेम. तर नेम सोडवायची रीत आहे आमच्या घरात. ज्याच्यासाठी नेम धरला त्यानं आपल्या हातानं घास भरवायचा, की नेम फिटला. माझे सासरे खुशालराव लहानपणी दुखण्यातून उठले, तेव्हा त्यांच्या आईनं गूळ सोडला होता. खुशालराव कमावते झाले त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी आईला पुरणाचा घास भरवला आणि म्हातारीचा गूळ सुरू झाला. हे बंडूला तोंडपाठ आहे, वडिलांचं कौतुक म्हणून तो पाहुण्यांना सांगतो. फक्त यात एक अट आहे. नेम धरणाऱ्या बाईनं स्वतः मागायचं नाही. मुलाच्या मनात यावं लागतं. ते बंडूच्या मनात पस्तीस वर्षांत आलं नाही. मी दोनदा सुचवलं. पहिल्यांदा म्हणाला, "आई तं काई बोलत नाई." दुसऱ्यांदा म्हणाला, "आता तिले सवय झाली." दोन्ही वेळा तोंडात मटनाची नळी होती.

गेल्या वर्षी आमची मुलगी प्रणाली हैदराबादला नोकरीला लागली. कंपनी काय करते, तर प्रयोगशाळेत मटन तयार करते. फोनवर तिनं आजीला समजावलं. जिवंत बकरीच्या अंगातून सुईनं थोड्या पेशी घ्यायच्या, त्या टाकीत वाढवायच्या, त्यांचं मांस होतं.

"आन् बकरी?" सासूबाईंनी विचारलं.

"बकरी तिकडे पाला खात असते आजी."

"कापत नाई कोनी?"

"कुणीच कापत नाही."

सासूबाईंनी फोन आणखी जवळ ओढला. मग विचारलं, "भेटते कुठी?"

"आपल्याकडे विकायची परवानगी नाही अजून. होईल."

त्यानंतर तीन दिवस त्यांनी माझा पिच्छा पुरवला. "तू पोरायले शिकवतं नं पेशी, मले सांग." मी पाटीवर चित्र काढून सांगितलं. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "सिंधू, म्या देवीले मटन नाई खानार असं म्हटलंच नोतं वं. कापलेल्या जनावराचं खानार नाई म्हटलं होतं." आणि अशा हसल्या, जशी काही शेताच्या वादात हरवलेली सातबाऱ्याची प्रतच सापडली. मी म्हटलं, "वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही." "मंग मले चालते का?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. पेशी मी शिकवलेल्या आहेत, देवी कोण शिकवणार?

हे सगळं ऐकत होते बंडूभाऊ. बंडूभाऊ असं सगळं गाव म्हणतं म्हणून मीही म्हणते. त्यांचं बिछायत केंद्र आहे. खुर्च्या, गाद्या, मंडप, माईक भाड्यानं देतात. खुर्च्या रिकाम्या राहू नयेत म्हणून त्यांनी एक विचारमंच काढला. गेल्या वर्षी "मोबाईल: मित्र की शत्रू" ठेवलं होतं, त्यात अध्यक्ष भाषण मोबाईलवर पाहून वाचत होते. यंदा महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि उभं राहू पाहणाऱ्या भाऊंना विषय हवा होता. तो त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात सापडला. आठ दिवसांत चौकात फलक लागला: "जाहीर महाचर्चा. प्रयोगशाळेतलं मांस: प्रगती की अधोगती?" फलकावर सतरा माणसांचे फोटो आणि मधोमध एका बोकडाचा. बोकडाचा फोटो सगळ्यात मोठा होता आणि सगळ्यांत साधा माणूस तोच दिसत होता.

पण चर्चेला दोन बाजू लागतात, आणि दुसरी बाजू सापडेना. विरोधात बोलायला अकरा जण तयार. जे मटन खात नाहीत ते म्हणाले, ते मांसच आहे, म्हणून विरोध. जे खातात ते म्हणाले, ते मांसच नाही, म्हणून विरोध. शेवटी भाऊंनी प्रणालीला फोन केला, "तू फोनवरून बाजूनं बोल. घरचीच बाजू हाय, सांभाळून घेऊ." सासूबाईंना मात्र या चर्चेचा फार आधार वाटला. त्या म्हणाल्या, "इतके शिकले-सवरले लोक येऊन राहिले. कोनीतरी सांगनच मले चालते का नाई." इरकली लुगडं काढून ठेवलं त्यांनी आदल्या दिवशी.

रविवारी दुपारी बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात चारशे खुर्च्या लागल्या. निम्म्या भरल्या. मागच्या मैदानात जेवणाची सोय होती, आणि कार्यकर्त्यांचं मटन कोण रांधणार, तर सासूबाई. सकाळी सहापासून त्या तीन गंजांपुढे उभ्या होत्या. दुपारी अंघोळ करून, लुगडं बदलून पहिल्या रांगेत येऊन बसल्या. शेजारी आमच्या आत्या, बेबीताई, खुशालरावांची बहीण. खास मोर्शीहून आलेल्या.

चर्चा सुरू झाली. प्रा. शेखर गावंडे पन्नास मिनिटं बोलले. त्यांनी मांस हा शब्द कुठून आला तिथपासून सुरुवात केली आणि पन्नास मिनिटांत अजून बोकडापर्यंत पोचले नव्हते. मग अकोल्याकडचे एक महाराज बोलले. म्हणाले, जीव मारला नाही तरी जीभ सुटतेच, आणि पाप जिभेत आहे. त्यांना टाळ्या पडल्या, कारण ते लवकर संपले. शेळीपालक संघाचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "मटन टाकीत वाढलं तं माह्या साठ बकऱ्या मी काय पाळू का पुजू?" एवढंच बोलून बसले. त्या दिवशी खरं बोललेला तो पहिला माणूस.

मग प्रणालीला पडद्यावर आणलं. तिनं "नमस्कार, ही पेशी" एवढं म्हटलं आणि नेटवर्क गेलं. तोंड उघडं, बोट वर, अशी ती अकरा मिनिटं पडद्यावर थांबली होती. तेवढ्यात विरोधातल्या आणखी दोघांनी भाषणं उरकली. सूत्रसंचालक म्हणाले, "दोन्ही बाजू आपण ऐकल्या."

शेवटी भाऊ माईकवर आले. म्हणाले, "मंडळी, हैदराबादच्या टाकीची गरज त्याले, ज्याच्या घरी संस्कार नाईत. माह्या घरी पाहा! ही माह्यी आई. माह्यासाठी पस्तीस वर्षं मटनाले शिवली नाई." टाळ्या झाल्या. शाल आणली, नारळ आणला, सासूबाईंना व्यासपीठावर चढवलं. फोटो निघाले. सूत्रसंचालकानं कौतुकानं त्यांच्या तोंडापुढे माईक धरला, म्हणाला, "आजी, दोन शब्द."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी माईक पकडला. "मले भाषन येत नाई," त्या म्हणाल्या. "एकच इचारतो. म्या देवीले म्हटलं होतं, कापलेलं खानार नाई. प्रणाली म्हनते ते कापलेलं नाई. तं मग मले चालते का?"

प्राध्यापक म्हणाले, "प्रश्न मौलिक आहे, पण आजच्या विषयाच्या कक्षेत येत नाही." महाराज म्हणाले, "माउली, हे तुमचं आणि देवीचं." शेळीवाले अध्यक्ष खाली पाहत राहिले. तीन तास ज्यांनी सगळ्या जगानं काय खावं ते सांगितलं होतं, त्यांच्यातल्या एकालाही एका म्हातारीनं काय खावं ते सांगता आलं नाही. मला इतका संताप आला की हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची मी घडी घालून घालून बोटाएवढी केली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बेबीताई उठल्या. ऐंशी वर्षांची बाई, पण आवाजाला माईक लागत नाही. "कायले टाकी अन् कायले हैदराबाद? आमच्या खुशालनं माह्या मायचा गूळ सोडवला होता, घास भरवून. बंडू, तू बसला नं इथी ढळढळीत. भरव आईले एक घास, झालं. रीत नाई माईत का तुले?"

दोनशे माणसांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "भोजनाची व्यवस्था मागे केली हाय. उजवीकडे शाकाहारी, डावीकडे मटन." महाराज आणि चार जण उजवीकडे गेले. बाकी सगळी अधोगती-विरोधी सभा डावीकडे धावली.

बेबीताई सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. हाताला धरून त्यांनी सासूबाईंना डावीकडे आणलं आणि भाऊंच्या ताटासमोर उभं केलं. मी भाकरीची दुरडी घेऊन शेजारीच होते. सासूबाईंनी हात धुतले आणि पदर सारखा केला. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं, त्या कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, ताटाकडे पाहत होत्या.

भाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. रश्श्यात बुडवला, वर मटनाचा छोटा तुकडा घेतला. हात उचलला. छातीपर्यंत आला. सासूबाईंनी तोंड थोडं उघडलं, देवाशपथ सांगते, मी पाहिलं.

हात तिथेच थांबला. "आई," भाऊ म्हणाले, "पुढच्या महिन्यात माह्यी शुगर तपासाची हाय. इलेक्शन बी तोंडावर आलं. नेम सुटला अन् काई झालं तं? तेवढं होऊन जाऊ दे. मग पाहू." आणि हवेत थांबलेला तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

"हाव, बरोबर हाय," सासूबाई म्हणाल्या. गंजातून एक चांगली नळी शोधली आणि त्याच्या ताटात वाढली.

घरी येऊन आम्ही दोघी अंगणात गंज घासायला बसलो. मी तोंड सोडलं होतं. नवऱ्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. सासूबाई राखेनं गंज घासत होत्या. म्हणाल्या, "त्याले कायले बोलतं? मले माईतच होतं, तो भेते. लहानपनापासून भेते. म्हनूनच तं मी प्रणालीच्या मटनाची वाट पाहून राहिली होती. त्या मटनाले बंडूच्या हाताची गरज नोती."

टाकी, पेशी, पाटीवरचं चित्र, सगळं त्यासाठी होतं. ही बाई मुलाला विचारायची वेळ येऊ नये म्हणून सगळ्या विज्ञानाला विचारत होती.

पुढच्या रविवारी भाऊ एक वाजता ताटावर येऊन बसले. ताटात वरण-भात आणि वांग्याची भाजी. त्यांनी मागच्या अंगणात पाहिलं. चूल थंड होती.

"आई, मटन?"

"म्या नेम धरला," सासूबाई म्हणाल्या.

"कायचा नेम?"

"तुह्या शुगरसाठी. इलेक्शनसाठी बी. आजपासून मी मटन रांधनार नाई."

भाऊंचा घास हातात राहिला. मग माझ्याकडे वळले, "सिंधू, मंग तू रांध."

"मला फक्त चाखता येतं," मी म्हटलं.

हॉटेलातून आणून पाहिलं त्यांनी. दोन घास खाऊन बाजूला सारलं; पस्तीस वर्षांची जीभ आहे, ती फसत नाही. वर महिन्याभरानं शुगरचा रिपोर्ट चांगला आला. आता तर नेम पावला म्हणायचा, मग तो मोडायची छाती कुणाची? रीत काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. एक घास भरवला की दोन्ही नेम एका झटक्यात फिटतात, हे मी ताट वाढताना दर रविवारी सांगते. ते म्हणतात, "इलेक्शन होऊन जाऊ दे."

गेल्या रविवारी मात्र जेवता जेवता त्यांनी प्रणालीला फोन लावला. आवाज बारीक केला, पण आमचं घर ते केवढं.

"काहून बेटा, तुमच्या कंपनीचं ते मटन केव्हा येऊन राहिलं बाजारात?"

"बाबा, तुम्ही तर विरोधात होता."

"ते मंचावर होतो. आईच्या नेमात ते बसते का पाह्यचं हाय. ते तं कापलेलं नसते नं? रांधाले काय हरकत हाय मग तिले?"

प्रणाली म्हणाली, "परवानग्या व्हायच्या आहेत बाबा. चार-पाच वर्षं तरी धरा."

सासूबाई समोरच पाट टाकून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "किती म्हनली वं?"

"चार-पाच वर्षं."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे मी तवा एकोनऐंशीची." जिभेनं दात चाचपून पाहिले. "खालचे चार तं टिकतीन. रस्सा तं पिता येईन."

बंडू त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून वरण-भात कालवत होता.